येतो म्हणालो होतो

निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे आईने लहानपणी चिमटे काढून शिकवलं. अमेरिकेत, पिस्कॅटवेत येऊन इतकी वर्षं झाली, तरी दारात तोंडातून तेच निघतं. फक्त इंग्रजीत: ‘आय विल कम.’

आमच्या चाळिशी उलटलेल्यांच्या रविवारच्या फुटबॉलला एक म्हातारा जमैकन कोच होता. तरुणपणी देशाकडून खेळलेला, आणि मॅच नसेल तेव्हा तिकडच्या रेगे संगीताच्या एका बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे गाण्याखालचे खर्जातले सूर, वाजवणारा. मला त्याने गोलात उभं केलं, कारण तिथे माझा त्रास कमीत कमी. पहिल्याच दिवशी मी बॉल आपल्याच जाळ्यात ढकलला.

"तू व्हिसावर असल्यासारखा खेळतोस," तो म्हणायचा, "लाईन दिसली की थिजतोस."

मी खरंच व्हिसावर होतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त मीच हसायचो.

मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. रिहॅब सेंटरमध्ये गेलो, तर डावा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. उशाखालून त्याने एक कॅसेट काढली. बँडचं तेवढंच रेकॉर्डिंग उरलं होतं.

"फोनवर ऐकता येईल असं करून दे. डोक्यातलं रोज थोडं पुसलं जातंय. सगळं जायच्या आत माझा बेस एकदा ऐकायचाय."

"करतो," म्हणालो. आणि दारात, सवयीने, ‘आय विल कम.’

आता मी पडलो इंजिनिअर. नुसती कॉपी करून देणं कमीपणाचं वाटलं. सॉफ्टवेअर विकत घेतलं, खरखर काढली, खाली कसलीशी घरघर घुमत होती तीही काढली. पाच आठवडे गेले. शेवटी तिथल्या नर्सचा फोन आला: "ते रोज दुपारी टीमची जर्सी घालून खिडकीशी बसतात. तुम्ही येणार आहात म्हणे."

बायको म्हणाली, "अरे, तुझं येतो म्हणजे बाय, हे त्यांना कुणी सांगितलंय?"

त्याच दुपारी धावलो. इअरफोन त्याच्या कानात घातले. तो डोळे मिटून ऐकत राहिला. गाणं संपलं तेव्हा म्हणाला, "यात मी कुठाय?"

ती घरघर म्हणजे तो होता.

"कॅसेट घरी आहे," मी कसंबसं म्हणालो, "उद्या नक्की येतो."

"मागेही म्हणालास," तो म्हणाला. रागाने नाही.

दुसऱ्या दिवशी सिक लीव्ह टाकून कॅसेट आणि जुना प्लेअर घेऊन गेलो. नर्स दारातच म्हणाली, आज दिवस बरा नाही, सकाळपासून कुणालाच ओळखत नाहीयेत. जर्सी खुर्चीच्या पाठीवर तशीच होती.

कॅसेट लावली. खरखरीतून बेस आला, जड पावलं टाकत.

"कोण वाजवतंय?" त्याने विचारलं.

"तुम्हीच, कोच."

अनोळखी माणसाची थट्टा सोडून द्यावी तसा तो हसला. "बरा वाजवतो पोरगा," म्हणाला, आणि खिडकीकडे वळला.

दोन्ही बाजू संपेपर्यंत बसलो. दारात ‘आय विल कम’ ओठांवर आलं. वाट बघणारं आता कुणी नव्हतं. काहीच न बोलता निघालो.