बिनहँडलचा फाळका

"ह्ये हँडल काढायचं," हवालदार म्हणाले. "आन् पत्रा असा सपाट करायचा, की हितं कवा हँडल हुतं ह्ये कुनाला सांगूनबी पटू ने."

मी आधी फाळक्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. फाळका म्हणजे मालाच्या गाडीचं मागचं दार. खालच्या बाजूला बिजागऱ्या असतात, उघडलं की आडवं पडतं. या फाळक्याला मधोमध लोखंडी हँडल होतं. ते फिरवलं की आतल्या दोन सळया डावी-उजवीकडून मागे सरकायच्या आणि फाळका सुटायचा. सरळ, साधं, मजबूत काम. बिघडलेलं काहीच नव्हतं.

"मग उघडायचं कसं?" मी विचारलं.

"त्ये तुमी बगा. मिस्त्री कोन हाय?"

लढाई नुकतीच संपली होती. लष्कराच्या जुन्या गाड्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे लिलावात, निघत होत्या. मायाप्पा हवालदार कवठे महांकाळकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. स्वतः मात्र लष्करात ड्रायव्हर होऊन ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले. सुटून आल्यावर त्यांनी डिस्पोजलमधून हा पिकअप घेतला आणि सांगलीला आमच्या वर्कशॉपमध्ये आणला. मी तिथे गॅस वेल्डिंग आणि बॉडीचं काम करायचो.

हँडल का नको, तेही ऐका. फाळक्यावर 'बिरोबा प्रसन्न' असं मोठ्या अक्षरात लिहायचं होतं, आणि हँडल नेमकं देवाच्या नावात येत होतं.

"नाव जरा वर घ्या," मी म्हणालो.

"वर घिऊन काय? गडी हँडलावर पाय दिऊन गाडीत चढत्यात. देवाच्या नावावर पाय?"

"मग पुढं लिहा. काचेच्या वर."

"म्होरं लिवल्यालं मागच्याला कसं दिसंल?" हवालदार म्हणाले. "मिस्त्री, तिकडं कॉन्व्हॉयमधी, गाड्यांच्या रांगंत, म्हैनोन् म्हैनं म्होरल्या गाडीचा फाळका बगत गाडी हाकलीया. त्येच्यावर निस्ता नंबर. तवाच बोललो, जित्ता परत गेलो तर माज्या गाडीच्या फाळक्यावर बिरोबा लिवीन, आन् पैल्या खेपंला आईला बशीवून देवाला निईन. आई ऐंशीच्या घरात हाय. अजून येकदाबी मोटारीत बसल्याली न्हाई."

मालक अण्णांनी आतूनच ओरडून सांगितलं, "घे रं त्ये काम! तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी गाडी भाईर पडली पायजे."

अण्णांना हो म्हणायला काय जातं? वेल्डिंगचा टॉर्च धरायचा मी.

हँडल काढायला एक तास लागला. उरलं ते भोक. त्या मापाचा पत्रा कापून भोकात बसवला आणि कडेनं वेल्डिंग मारलं. पातळ पत्र्याला जास्त आच लागली की तो फुगतो, हे मला माहीत होतं. तरी घाई नडली. फाळका मधोमध असा फुगला, की बोटानं दाबलं की 'टक्' करून आत जायचा आणि सोडलं की 'टक्' करून बाहेर यायचा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एकदा टक् करून बघायचा. शेजारचा सायकलवाला तर दिवसातून चार वेळा यायचा. मला वेड लागायची पाळी आली.

हे काढायचं म्हणजे थोडी जागा लाल करायची, हातोडीनं हलकं ठोकायचं, लगेच ओलं फडकं दाबायचं. पत्रा आकसतो. मग पुढची जागा. एक ठोका जास्त बसला की दुसरीकडे फुगवटा. पाच दिवस मी हेच करत होतो. त्यातच कार्बाइड संपलं. कार्बाइड म्हणजे ज्याच्यावर पाणी टाकून वेल्डिंगचा गॅस निघतो ते खडे. ते मिळेपर्यंत दोन दिवस गेले. मग सांध्यावर शिसं वितळवून पसरलं आणि कानशीनं घासून काढलं. शेवटी तळहात फिरवला तर कुठे काही लागेना. अण्णांनीही हात फिरवला. "बरं झालंय," म्हणाले. अण्णांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता उघडायचं कसं? मी फाळक्याच्या आतल्या बाजूला एक दांडा बसवला. वरून हात घालायचा, दांडा उचलायचा, फाळका खाली. दहा वेळा उघडून बघितला. हवालदारांनीही उघडला, खूश झाले, आणि पहिल्या खेपेआधी नुसती ज्वारीची पोती भरून बघायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी पोत्यांसकट परत.

"मिस्त्री, दांडा पोत्यांच्या मागं ऱ्हायला. हातच पोचंना की!"

खरंच होतं. हमाल लोक पोती फाळक्याला चिकटवून, ठासून भरतात. रिकाम्या गाडीचा फाळका मी दहा वेळा उघडला. भरल्या गाडीचा उघडावा लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळी पोती वरून काढावी लागली. हमालांनी माझा जो उद्धार केला तो लिहिण्यासारखा नाही.

पुन्हा पहिल्यापासून. सळया फाळक्यातून काढल्या. त्यांच्या जागी बॉडीच्या दोन्ही खांबांत स्प्रिंगच्या खिट्ट्या बसवल्या. त्या खिट्ट्या गाडीच्या पोटाखालून एका सळईनं जोडल्या आणि सळईचं टोक मागच्या चाकाजवळ आणून त्याला कडी लावली. कडी ओढली की दोन्ही खिट्ट्या एकदम मागे. सांगायला सोपं आहे. एक खिट्टी सुटायची, दुसरी अडकायची. फाळका तिरका लोंबायचा. आठ दिवस मी त्या गाडीखाली उताणा पडलेलो होतो. डोळ्यात माती, मानेत कळ, आणि वरून अण्णांचं, "झालं का रं?"

शनिवारी झालं. भरल्या गाडीत, नुसत्या दोन बोटांनी कडी ओढली की फाळका अलगद आडवा. पेंटरनं आधीच पिवळ्या अक्षरांत नाव काढून ठेवलं होतं. मला स्वतःला ते इतकं देखणं वाटलं, की जेवायला जायचं विसरलो.

रविवारी सकाळी हवालदार आईला घेऊन आले. काठी टेकत, डोक्यावर पदर घट्ट धरून म्हातारी गाडीभोवती फिरली. अक्षर वाचता येत नव्हतं. लेकानं बोट ठेवून वाचून दाखवलं. तिनं नावाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मी ऐटीत कडी ओढली. फाळका आडवा झाला. चढायला समोर स्टूल ठेवलं.

म्हातारी जागची हलेना. खाली वाकली आणि फाळक्याच्या खालून बघितलं. देवाचं नाव उलटं होऊन मातीकडे तोंड करून होतं.

"मायाप्पा, ह्येच्यावर पाय दिऊन चढू व्हय रं? देवाला पालता पाडून?"

अण्णांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मी का? हँडलावर पाय पडतो म्हणून हँडल काढलं. फाळका आडवा पडला की सगळं नावच पायाखाली येतं, हे मला, अण्णांना, हवालदारांना, पेंटरला, चौघांनाही तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं. ऐंशी वर्षांच्या बाईला उभ्या उभ्या दिसलं.

"आई, म्होरं बस मग, माज्या शेजारी," हवालदार म्हणाले.

"म्होरं शिटावर देवाचा चांदीचा टाक ठिवलाय. त्येच्या बरुबरीनं बसू? मी न्हाई येत. तुजं तू जाऊन ये." आणि ती वळलीसुद्धा.

हवालदारांचा चेहरा मला बघवेना. तिकडच्या जंगलातून ज्यासाठी जगून आलो म्हणत होते, ते आईच्या चार पावलांवर अडलं होतं. त्यांनी फाळका उचलून बंद केला. मग आईजवळ गेले आणि तिला काठीसकट दोन्ही हातांवर उचललं. "आरं सोड! लोकं बगत्यात! पडन की रं मी!" म्हातारी ओरडत होती. मी स्टूल बाजूला सरकवलं, त्यावर चढून त्यांनी तिला बाजूच्या कठड्यावरून अलगद आत घोंगड्यावर ठेवलं. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. माझेही भरले. खोटं कशाला बोलू?

मग डोळे पुसत ते माझ्याकडे आले.

"मिस्त्री, ह्यो फाळका आता कवाच उघडायचा न्हाई. पोती बाजूनं चढवू, मेंढरं उचलून टाकू. तेवडी खालची सळई वेल्डिंग करून टाका. घट्ट."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा आभाळाकडे बघत होते.

टॉर्च पेटवला आणि पुन्हा गाडीखाली शिरलो. जिच्यासाठी आठ दिवस उताणा पडलो होतो, ती सळई चार टाक्यांत कायमची बंद झाली. वेळ लागला पाच मिनिटं. वरून म्हातारीनं विचारलं, "झालं का रं बाबा?"

पुढे चाळीस वर्षं मी हेच काम केलं. गाडीवर कुणी देवाचं नाव घालायचं म्हणालं, की मी आधी गिऱ्हाइकाच्या आईला बोलावून घ्यायचो. आणि ती येईपर्यंत हत्याराला हात लावत नसे.