पंपाच्या चाकीवरची हिरवी खूण

बेल्ट बोटांत वाकवला तशा त्याच्यावर भेगा उघडल्या. मी नानांना म्हणालो, "ही गाडी इथून तुमच्या घरापर्यंतसुद्धा चालवू नका."

"परवा सकाळी निघायचंय, शब्बीर."

"मग दुसरी गाडी करा."

नानांनी दाराकडे बघितलं. गॅरेजच्या दारात खुर्चीवर अक्का बसल्या होत्या, नानांच्या पत्नी. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या कुठल्याही गाडीत अर्ध्या तासात त्यांच्या पायाला मुंग्या येतात, कंबर धरते. या एका गाडीच्या सीटवर त्या दोन-तीन तास बसू शकतात. आणि त्यांना जायचं होतं माहेरी, साक्रीच्या पुढे घाट चढून. माहेरात आता एक थोरली बहीणच उरली होती. तिच्या नातीचं लग्न होतं.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या तोंडावरचा दातेरी रबरी पट्टा. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, डिझेल कधी फवारायचं, हे सगळं तोच जुळवून ठेवतो. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन कामातून जातं. म्हणून मी असा तोडून बोललो. तसाही मी तोडूनच बोलतो, जळगावात सगळ्यांना माहीत आहे.

गाडी फ्रेंच. बॉनेटवर मागच्या पायांवर उभा सिंह. कंपनीचं नाव आमच्याकडे प्रत्येक जण वेगळं म्हणायचा, तेव्हा मी त्या भानगडीत पडत नाही. आम्ही तिला सिंहवाली म्हणतो. मॉडेल तीनशे नऊ. नव्वदच्या दशकात ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा लोकांनी बुकिंगसाठी रांगा लावल्या होत्या. मी तेव्हा नाशिकच्या एका शोरूममध्ये कामाला होतो. तिथे आम्हाला ट्रेनिंग दिलं. ट्रेनर आधी कंपनीचा इतिहास सांगत बसायचा आणि आम्ही चहाची वाट बघायचो.

तरी बरंच डोक्यात राहिलं. गाड्यांच्या आधी हे लोक करवतीची पाती बनवायचे, कॉफी दळायची यंत्रं बनवायचे, छत्रीच्या काड्यासुद्धा. सिंह आला तो करवतीवरून, तिचे दात सिंहाच्या दातांसारखे म्हणून. मग सायकली, मग मोटारी. मॉडेलच्या नंबरात मधे नेहमी शून्य. एका जर्मन कंपनीने तसाच नंबर घेतला, तर यांनी हरकत घेऊन तो बदलायला लावला. पाचशे चार आफ्रिकेत टॅक्सी म्हणून इतकी चालली की तिकडच्या लोकांना ती आपलीच गाडी वाटायची. कंपनी अडचणीत होती तेव्हा दोनशे पाचने तिला तारलं. आणि आमची तीनशे नऊ मुळात दुसऱ्याच ब्रँडसाठी आखलेली, ऐनवेळी हिच्यावर सिंह बसवला, म्हणून नंबरही रांगेत बसत नाही. पण सीट मात्र अशी की बसणारा उठायला कंटाळतो. थोड्याच वर्षांत कंपनी इथून परत गेली, पार्ट मिळेनासे झाले, गाड्या भंगारात गेल्या. नानांनी आपली ठेवली.

इंजिनाचं पुढचं कव्हर पूर्ण काढलं तर आत डिझेल पंपाच्या चाकीवर हिरवा ठिपका. माझाच. बारा वर्षांपूर्वी हा बेल्ट मीच टाकला होता. मी खुणेला नेहमी माझ्या शटरचा हिरवा रंग वापरतो. छाती जरा फुगलीच.

बुधवारी सकाळीच एसटीने धुळ्याला गेलो. सबंध रस्ता पाय हलवत बसलो होतो, शेजारचा माणूस वैतागून उठून गेला. धुळ्यात रफिकचाचांचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान आहे.

"तीनशे नऊ?" चाचा म्हणाले. "ती अजून जिवंत आहे?"

"आहे. पण तिचा नको. छोट्या डिझेल गाडीचा बेल्ट द्या."

चाचा हसले. मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं. आपल्या एका देशी कंपनीने काही वर्षं छोट्या डिझेल गाड्यांत हेच फ्रेंच इंजिन बसवलं होतं. इंजिन तेच, बेल्ट तोच. सिंहवाल्यांची इंजिनं तशी खानदेशात पुष्कळ फिरली. चोपडा, साक्रीकडे बाजाराच्या दिवशी माणसं लोंबकळत नेणाऱ्या जीपगाड्या आठवा, त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या पोटात यांचंच डिझेल इंजिन होतं. लोकांना पत्ता नव्हता.

चाचांनी बेल्ट दिला आणि विचारलं, "पिना आहेत ना?"

"माझी खूण आहे."

"खूण वेगळी, पिना वेगळ्या, शब्बीर."

"चाचा, मी काय आज शिकतोय का?"

पिनांचं असं आहे. या इंजिनाच्या चाक्यांना आणि त्यांच्यामागच्या लोखंडाला भोकं आहेत. त्यातून पिना घालून सगळ्या चाक्या जागेवर अडकवायच्या, मगच बेल्ट काढायचा नि घालायचा. ट्रेनरने शंभरदा सांगितलं होतं. आम्ही मिस्त्री लोक मात्र रंगाचा ठिपका लावतो आणि ठिपक्याला ठिपका जुळवतो. पिना शोधायला कोण बसणार?

दुपारी परत आलो, ठिपक्यावर बेल्ट चढवला, स्टार्टर मारला. दोन-तीनदा कुरकुरली, पांढरा धूर सोडला, मग चालू झाली.

नाना खूश. "झाली. अगदी नेहमीसारखी."

"नेहमी असाच धूर सोडते?"

"बारा वर्षं झाली. थंड असली की कुरकुर, चढावर दम टाकते. तूच म्हणाला होतास ना, फ्रेंच माल असाच असतो. साक्रीपर्यंत जाऊ. घाट काही हिला जमत नाही. बहिणीलाच खाली बोलावू."

अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "नातनं लगीन शे, ती कशी यी?"

 गाडी रात्रभर माझ्याकडेच ठेवा म्हणून मी दोघांना रिक्षात बसवलं. आणि मला काही बसवेना. चहा घेतला, टाकून दिला. पाना उचलला, ठेवला. बारा वर्षं म्हणजे नेमका माझा बेल्ट. शेवटी चिडून कव्हर पुन्हा काढलं. आठ मिलिमीटरचा बोल्ट घेतला आणि पंपाच्या चाकीच्या भोकात घालून बघितला.

जाईना. भोकासमोर भोक नव्हतंच. चाकी बरोब्बर एक दात मागे.

तेव्हा लख्ख आठवलं. पंपाच्या चाकीला आतून स्प्रिंगचा जोर असतो, बेल्ट काढला की ती थोडी सरकते. खूण आधी करायची, बेल्ट मग काढायचा. त्या दिवशी गॅरेजच्या दारात वऱ्हाडाची जीप बिघडून उभी होती आणि ड्रायव्हर माझ्या डोक्याशी हॉर्न वाजवत होता. मी घाईत आधी बेल्ट काढला, मग ठिपका लावला. सरकलेल्या चाकीवर. बारा वर्षं या गाडीत डिझेल उशिरा फवारलं जात होतं, आणि मी फ्रान्सला शिव्या देत होतो.

चाकी एक दात पुढे घेतली. पिना घातल्या, बेल्ट चढवला, पिना काढल्या, हाताने इंजिन दोनदा फिरवून बघितलं. पहिल्या चावीला उठली. धूर नाही. आवाज असा मऊ की मला लाज वाटली.

गप्प बसता आलं असतं. नवा बेल्ट टाकला म्हणून सुधारली, इतकं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण गुरुवारी सकाळी नाना-अक्का आले आणि मी एका दमात सांगून टाकलं. खूण माझी, चूक माझी, गाडीत काही दोष नव्हता.

नानांनी चावी फिरवून आवाज ऐकला. अक्का म्हणाल्या, "म्हंजे दोष गाडीना नव्हताच?"

"नव्हता, अक्का."

"तू बी चाल मंग. घाटमां नही चढनी ते तूच ढकल."

मी मागे बसलो. धुळं गेलं, साक्री गेली, माझी बोटं पुढच्या सीटवर तबला वाजवत होती. घाट लागला. नानांनी सवयीने दुसरा गिअर टाकला. मी म्हणालो, "तिसऱ्यातच राहू द्या." त्यांनी तिसरा टाकला. पुढे दगडांनी भरलेला ट्रक होता, त्याला ओलांडून गाडी चढतच राहिली. वळणामागून वळण. 

माथ्यावर अक्कांनी हात वर केला. नानांनी गाडी बाजूला घेतली. खाली त्यांचं गाव दिसत होतं, मांडवाचं कापडही दिसत होतं.

अक्का मागे न वळता म्हणाल्या, "शब्बीरभाऊ, मन्हा भाऊ गया तवय आम्ही साक्रीमां दुसरी गाडी दखत बसलुत. पोचनूत तवय त्याले लई गयथात."

मला माफी मागायची होती. भावाचं शेवटचं तोंडसुद्धा त्यांना बघायला मिळालं नव्हतं, माझ्या त्या एका दातापायी. त्याआधी त्याच म्हणाल्या, "चला, नाना. बहीण वाट दखी ऱ्हायनी."

लग्नात मी जेवलो. बहिणीने आग्रहाने दोनदा वाढलं, तिला काही माहीत नव्हतं. दोघी बहिणी मांडवात एका गादीवर हात धरून बसल्या होत्या.

परत आल्यावर हिरव्या रंगाचा डबा मी फेकून दिला. आता पिनांशिवाय बेल्टला हात लावत नाही. गिऱ्हाइकाने "नेहमीसारखी चालतेय" म्हटलं, की आधी विचारतो, कधीपासून? आणि शेवटचं काम कोणी केलं होतं? बऱ्याचदा उत्तर माझंच नाव असतं.