भावनांचा फळा

त्या गुरुजींचं नाव मला आजही माहीत नाही. तासगावजवळच्या त्यांच्या शाळेत ‘भावनांचा फळा’ लागला होता. तो बघायला साहेब येणार, म्हणून मला फोटो काढायला बोलावलेलं. आपल्याला जसं वाटतंय तसं कागदी तोंड मुलांनी रोज फळ्यावर चिकटवायचं. गुरुजी नुकतेच प्रशिक्षण घेऊन आले होते. आवाजात नुसती साय.

एका पोरीनं रडकं तोंड लावलं. म्हणाली, “आमचं करडू काल इकलं.”

गुरुजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “बाळ, प्रत्येक भावना मोलाची असती. पण आज साहेब येणार हायत. रडायचं ते उद्या रड.” रडकं तोंड त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं आणि फळ्यावर हसरं चिकटवलं.

साहेब आले, फळा बघून खूश झाले. “वा! एकही मूल दुःखी नाही?”

“मी हाय की,” पोरगी उठून म्हणाली. “पर माझं तोंड गुरुजींच्या खिशात हाय.”

गुरुजींनी चटकन खिशावर हात दाबला. नेमका तेव्हाच मी फोटो काढला.

तो आता शाळेच्या भिंतीवर लावलाय. बघणाऱ्याला वाटतं, गुरुजींनी काळजावर हात ठेवलाय.