बॅटरी कशानं उतरते

एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटरची रेंज, असं सायकलच्या खोक्यावर छापलं होतं. कुणी मोजलं, कुठल्या रस्त्यावर मोजलं, देव जाणे. आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीत नक्कीच मोजलं नव्हतं.

मी तेव्हा पीकविम्याच्या सर्वेक्षणाचं काम करायचे. शेतीची पदविका होती, नोकरी नव्हती, म्हणून एका एजन्सीकडे हंगामापुरती लागले होते. घर अमरावतीला, खोली अकोटला. शेतकऱ्यानं नुकसानीची तक्रार फोनवर नोंदवायची आणि मी दहा दिवसांच्या आत त्याच्या शेतात जाऊन, त्याला बांधावर उभं करून मोबाइलमधल्या एजन्सीच्या ॲपवर फोटो काढायचा. तोवर त्यानं पीक कापायचं नाही. कापलं की दावा गेला.

त्या वर्षांत कापूस बोंडअळीनं खाल्ला होता, संत्र्याच्या बागा वाळल्या होत्या. सगळे सोयाबीनवर आले, तर परतीच्या पावसानं उभ्या पिकाला शेंगेतच कोंब फुटले. गावात कुठलंही अनोळखी वाहन शिरलं की लोक समजायचे, पंचनामा आला. माझ्यामागे बायाबापड्या चालत यायच्या. मी कुणाला नाही म्हणायचे नाही, आणि तिथंच माझं चुकलं.

पेट्रोलचे पैसे बंद करून एजन्सीनं आम्हाला इलेक्ट्रिक सायकली दिल्या. डोंगरात चालवायच्या, जाड दातेरी टायरच्या, पंचवीस किलो वजनाच्या. वाटपाच्या दिवशी पेढे झाले, फोटो झाले. हरवली तर पगारातून कापू, असं लिहून सहीही घेतली. पंधरा दिवसांत सगळ्यांच्या सायकली निम्म्या वाटेत बसायला लागल्या. साठ सोडा हो, माझी पंचवीस किलोमीटरला मान टाकायची.

आमच्या साहेबांचं म्हणणं, आम्ही फुगवून सांगतो. ते आम्हाला एका जिनिंगमध्ये घेऊन गेले आणि कापूस मोजायच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. मी चौऱ्याहत्तर भरले. पिशवी, पाणी, टेप, छत्री धरून ब्याऐंशी. हमाल हातातलं काम टाकून बघत होते. साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, बॅटरीत फॉल्ट नाही. फॉल्ट काट्यावर उभा हाये.’’ सगळे हसले. मीही हसले, मेली, आणि त्याचा राग मला आजही येतो.

त्या तिरमिरीत मी खोक्यातलं पुस्तक काढून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे साठ किलोमीटर साठ किलोच्या माणसासाठी आहेत. रस्ता सपाट आणि डांबरी हवा, समोरून वारा नको, टायरमध्ये हवा भरपूर, बॅटरी नवी आणि मोटरची मदत सगळ्यात कमी ठेवलेली. असा रस्ता आणि असा दिवस मला त्या अख्ख्या हंगामात एकदाही भेटला नाही.

बाकीचं मी चिखलात शिकले. काळी माती टायरला थापली जाते, मग चाक फिरेनासं होतं आणि मोटर नुसती घुमते. काडीनं खरवडायचं, चार पावलं जायचं, परत खरवडायचं. चिखलासाठी हवा कमी करावी तर डांबरीवर सायकल ओढल्यासारखी चालते आणि बॅटरी भसाभस उतरते. अकोटचा सायकलवाला एकदा माझ्यावर खेकसला, ‘‘जड गिअर कायले टाकता ताई? हलक्यावर पाय भरभर फिरवा, मोटरले कुथू नका देऊ.’’ त्याचं ऐकलं तेव्हापासून चार किलोमीटर जास्त मिळायला लागले. पण चढ आणि वारा एकदम आले की कुणाचंच शहाणपण चालायचं नाही.

माझ्या यादीत सगळ्यात लांबचं शेत एका चाचांचं होतं. साठीचा माणूस, घरात हिंदी, आमच्याशी वऱ्हाडी. अकोटहून अठरा किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा सातपुड्याच्या पायथ्याचा चढ. चार एकर सोयाबीन, निम्म्याला कोंब फुटलेले, निम्मं अजून बरं होतं. तक्रार त्यांनी वेळेत नोंदवली होती. बॅटरी पुरावी म्हणून मी जवळची शेतं आधी घेत गेले आणि त्यांचं मागे ठेवत गेले. असं करता करता नववा दिवस उजाडला.

त्या दिवशी सकाळीच चाचांचा फोन आला. ‘‘बेटी, मशीनवाला आज मोकळा हाये. जे बरं हाये तेवढं कापून घेऊ काय? आभाळ येऊन राहिलं.’’

मी म्हणाले, ‘‘कापू नका चाचा, दावा जाईल. मी आज येतेच.’’

पाच शेतं करून निघाले. डोंगराकडून तोंडावर वारा. घाईत मोटरची मदत पार वर चढवली आणि नाल्याच्या पुलावर बॅटरी बसली. तिथून चाचांना फोन लावला, ‘‘चाचा, रेंज संपली.’’

‘‘मंग टेकडीवर ये नं बेटी,’’ ते म्हणाले. ‘‘टेकडीवर रेंज भेटते. मी तिथूनच तं बोलून राहिलो.’’

मला हसू आवरेना. मोबाइलची नव्हे, बॅटरीची, असं समजावून सांगितलं तेव्हा तेही हसले. मशीनवाल्याचं काय करू, म्हणून त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं, ‘‘उद्या पक्कं. कापू नका.’’ मशीनवाला दुसऱ्या गावी निघून गेला.

दहाव्या दिवशी उठून पाहते तर चार्जिंग निम्मंच. लाइट गेली होती. साहेबांना फोन करून गाडी मागितली. ते म्हणाले, बाकीच्यांच्या सायकली पोचतात, तुमचीच कशी पोचत नाही? वर दोन शेतं आणखी दिली. चाचांच्या गावच्या फाट्यापर्यंत एसटी जाते, हे मला ठाऊक होतं. पण एजन्सी फोटोसोबत सायकलच्या मीटरवरचे किलोमीटर ताडून बघायची, आणि काट्यावरच्या त्या तमाशानंतर मला पुन्हा बोलणी खायची नव्हती. खरं सांगायचं तर एवढंच कारण.

ती दोन शेतं उरकली. छत्री एका घरी ठेवली, पाणी ओतून दिलं. हलका गिअर, सगळ्यात कमी मदत, जीव मुठीत धरून चढ चढले. शेवटच्या तीन किलोमीटरला सायकल बंद पडली. ऊन कलतं झालं होतं. सायकल तिथं टाकून पायी निघाले असते तर पाऊण तासात पोचले असते. फोटोपुरता उजेड होता. पण ती सही डोक्यात होती, पगारातून कापू. पंचवीस किलोचं ते लोढणं मी चढावर ढकलत राहिले. मैलभरही गेले नसेन, उजेड गेला. अंधारातला फोटो ॲप घेत नव्हतं. चाचांचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही. सायकल वळवली. उताराला बॅटरी लागत नाही, भुर्रकन खाली आले.

मुदत संपलेल्या शेताच्या नोंदीपुढे कारण निवडावं लागे. ॲपमध्ये तीनच कारणं होती: गट क्रमांक चुकीचा, पीक आधीच कापलेले, शेतकरी गैरहजर. सर्वेक्षक पोचली नाही, असं कारण कुणी घातलंच नव्हतं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘गैरहजर टाका, सगळे तेच टाकतात. आणि बॅटरी का पुरत नाही त्याचा एक कागद लिहून द्या, वर पाठवायचा आहे.’’ मी गैरहजर दाबलं. मग तो कागद लिहायला बसले. वजन, चढ, वारा, चिखल, टायरमधली हवा, गिअर, अर्धवट चार्जिंग, सगळं मुद्देसूद लिहिलं. साहेबांनी माझं कौतुक केलं.

चार दिवसांनी सुट्टी होती. एसटीनं फाट्यावर उतरले आणि पायी चढले. तासाभराची वाट, काही कठीण नव्हती. चाचांनी सोयाबीनमध्ये बकऱ्या सोडल्या होत्या. मधे एक सर येऊन गेली होती आणि बरं होतं तेही काळं पडलं होतं. त्यांनी शिव्या द्याव्यात, निदान तोंड फिरवावं, म्हणून मी आले होते. त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, म्हणाले, ‘‘घामाघूम झाली पोरगी. सायकल कुठी हाये?’’

मग खिशातून मोबाइल काढला. ‘‘हे पाय बरं, काही आलं हाये. मले इंग्रजी वाचता येत नाही. मंजूर झालं काय?’’

मी ते वाचलं. खोटं सांगता आलं असतं, ते तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी जसं होतं तसं मराठीत सांगितलं, ‘‘तुम्ही शेतावर हजर नव्हता, म्हणून सर्वेक्षण झालं नाही, असं लिहिलंय.’’

चाचांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिशात ठेवला.

‘‘ज्यानं हे लिवलं, त्याले तू सांगजो बेटी,’’ ते म्हणाले. ‘‘तुले तं मालूम हाये. मी दोन्ही दिवस इथंच होतो.’’