तायडे मॅडमचा पूल

कोणतंही चित्र समोर आलं की तायडे मॅडम आधी विचारायच्या, "याच्यात कोन काढाचं राह्यलं?" नांदुऱ्याच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत, मी मराठी.

एकदा मलकापूरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुनं छापील चित्र आणलं. दगडी कमानींचा रेल्वेपूल, वर धूर सोडणारं इंजिन, पुढं छत्रीखाली उभा साहेब. पुलाचं नाव वाळवीनं खाल्लेलं. मॅडमनी भिंग धरलं ते कमानीखालच्या मुंगीएवढ्या बायांवर. डोक्यांवर टोपल्या होत्या. "सायबाले नाक-डोये हायेत. याइले काऊन नाही?"

मग त्यांना ध्यासच लागला. त्यांच्या वडनेरच्या सासूबाई सांगत, आपल्या घरच्या बायांनी इथल्या नाल्यावरच्या रेल्वेपुलाचे दगड वाहिले. हा तोच पूल असला तर? त्या बाया आपल्याच असतील! चित्राच्या कोपऱ्यात शिडाच्या होड्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, आपल्या नाल्यात होड्या?"

"पूर आला असन," त्या म्हणाल्या. पण त्यांनाच ते पटलं नसावं.

शेवटी एका रविवारी आम्ही चित्र घेऊन पुलाशी गेलो. मॅडम कोरड्या नाल्यात उतरल्या, काळ्या दगडावरून तळवा फिरवत राहिल्या. चित्रातले खांब गोल होते, इथले टोकदार. त्यांनी चित्र खाली केलं. मला वाटलं, आता रडतात. तेवढ्यात वरून मालगाडी धडधडत गेली. ती गेल्यावर म्हणाल्या, "हा थो नाही. म्हंजे आपला पूल कोनी काढलाच नाही! चाल, टोपलं पाह्य कुठं भेटते."

शेजारच्या शेतातून टोपली मागून आणली. त्यात दगड भरून त्यांनी ती माझ्या डोक्यावर दिली आणि स्वतः कागद घेऊन बसल्या. थोड्या वेळानं मान दुखायला लागली, मी कुरकुरले.

"हालू नको वं! त्याइनं पूल होईपर्यंत वाह्यलं. तुह्याच्यानं चित्र होईपर्यंत होत नाही?"

त्यांच्या चित्रात पूल मागं आहे. पुढं बाया, मोठ्या, घामेजलेल्या, प्रत्येकीचा चेहरा वेगळा. एकीचं नाक माझं आहे.

निवृत्त होऊन त्या मुलीकडे नागपूरला निघाल्या, त्या दिवशी चित्र माझ्या हाती ठेवलं. मी म्हटलं, "मॅडम, सही तरी करा."

"सही कायची? त्या बायाइनं केली काय पुलावर?" म्हणाल्या, आणि ऑटोत बसल्या.