तेलातला चुरा

आज अकोल्यात मी शिकवते त्या इंजिन दुरुस्तीच्या वर्गात जळक्या तेलाचा वास आला आणि मी मनानं कित्येक वर्षांपूर्वीच्या अमरावतीच्या धावपट्टीवर पोचले. फवारणीच्या छोट्या विमानाची मी तिथे मेकॅनिक होते. एका सकाळी तेलात धातूचा चकाकता चुरा सापडला, म्हणजे इंजिन आतून झिजत होतं, म्हणून मी उड्डाणाच्या परवानगीच्या कागदावर सही केली नाही. विमानाच्या मालकानं ती दुसऱ्या मेकॅनिककडून करून घेतली.

"पोरी, कावून भेऊन राहिली? दोन चकरा मारून येतो," पायलटकाका म्हणाले.

मी सावलीत जाऊन बसले. इंजिन हवेतच बंद पडलं, विमान कपाशीत कोसळलं आणि काका जागीच गेले.

माझी सही नव्हती, याचा तेव्हा आधार वाटला. आता वाटत नाही. विद्यार्थ्यांना मी ठणकावून सांगते, "नुसती सही नाकारू नका. विमानाची किल्ली खिशात घाला आणि चालू लागा."