खालच्या मजल्यावरचा उमराव

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या स्पॅनिश आजोबांइतका स्वतःच्या आडनावावर जीव टाकणारा माणूस मी जर्मनीतल्या या नेकारसुल्ममध्येच काय, पुण्यातही पाहिलेला नाही. आणि पुण्यात तसे लोक कमी नाहीत. त्यांचं आडनाव कोंदे, माझं कोंडे. रोमन लिपीत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी घंटेवरचं नाव वाचून ते कोट-टाय घालून जिना चढून आले आणि बायकोने दार उघडताच कमरेतून वाकले. तिने आत येऊन मला गंभीरपणे सांगितलं, "अहो, तुमचे कुणी नातेवाईक आलेत. गोरे आहेत."

तरुणपणी स्पेनमधल्या एका खेड्यातून ते इथल्या मोटारींच्या कारखान्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत गाड्यांना दरवाजे बसवत राहिले. पण कोंदे म्हणजे स्पॅनिशमध्ये उमराव. आपल्याकडे इनामदार आडनावाच्या माणसाकडे गुंठाभर जमीन नसली तरी चालतं, तसंच तिथेही असावं. आजोबांना मात्र ते मान्य नव्हतं. बेकरीत ते उमराव म्हणून शिरत. पाव पुढे करणाऱ्या बाईला ते "उमरावाला कालचा चालेल, पण करपलेला नको" असं सांगत आणि तीही मान लववून ताजा देई. जिना झाडण्याची पाळी, म्हणजे केरवोखं, आमच्याकडे असली की त्यांना शब्दाचा दुसरा अर्थ आठवे. दक्षिण स्पेनमध्ये म्हणे शेतमजुरांच्या टोळीवरच्या मुकादमालाही कोंदे म्हणत. मग कठड्याला टेकून ते आमच्या झाडूकडे लक्ष ठेवत, आणि कोपरा राहिला की काठीने दाखवत. पोटात एक पेला वाईन गेली की तिसरा अर्थ वर येई: जिप्सींचा म्होरक्या. त्या अर्थाबरोबर ते गात. गाणं सुरू झालं की वरच्या मजल्यावरचे जर्मन काका खिडकी लावून घेत आणि संपलं की उघडत. आजोबांना हौस फिटेपर्यंत गाऊ द्यायचं, असा त्या दोघांत अलिखित करार असावा.

पुढे-पुढे रविवारचा चहा ते आमच्याकडेच घेऊ लागले. असाच एकदा त्यांनी आमच्या आडनावाचा अर्थ विचारला. ते बहुधा गावावरून आलं असावं, असं काहीतरी मी पुटपुटत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली की कोंडा म्हणजे धान्य कांडल्यावर उरतो तो भुसा. डोक्यातल्या कोंड्याबद्दलही तिने सांगितलं. आजोबा खुर्ची हलेपर्यंत हसले. हसता हसता डोळे पुसू लागले आणि मग नुसतेच पुसत राहिले.

"या भुशासाठी मी माझ्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही," ते म्हणाले.

त्यांना मुलगी आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. स्पेनमध्ये लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. या मुलीने मात्र ड्रेस्डेनच्या जर्मन नवऱ्याचं आडनाव लावायचं ठरवलं, आणि बापाने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद. त्यांनी हलक्या आवाजात चौथा अर्थही सांगितला, जो त्यांनी बेकरीत कधी सांगितला नव्हता. उमरावाच्या घरी राबणाऱ्या नोकरांनाही लोक त्याच्याच नावाने ओळखत. त्यांचे पणजोबा एका उमरावाचे घोडे धूत. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. "इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मला इथे बरं वाटायचं."

बायकोने फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो परत सरकवला; असं चहाच्या टेबलावरून बोलायचं नसतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. ते फोनपाशी ताठ उभे होते आणि मी शेजारी थांबावं एवढंच त्यांना हवं होतं. पलीकडून आवाज आला तेव्हा त्यांनी आपलं आडनाव सांगितलं नाही. "मी बोलतोय," एवढंच म्हणाले. मी हळूच दार ओढून घेतलं.

मुलगी पंधरवड्याच्या आत त्यांना ड्रेस्डेनला घेऊन गेली. आम्ही उन्हाळ्यात भेटायला जायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच, वसंतात, ते गेले.

घर रिकामं करायला ती आली तेव्हा बायकोने तिला वर चहाला बोलावलं. डोळे थेट आजोबांचे. शेवटचे महिने कसे गेले, असं मी भीतभीतच विचारलं.

"रोज जेवण झालं की मला लग्नाबद्दल विचारायचे," ती म्हणाली. "टेबलावर काय-काय होतं, पाऊस होता का, पहिलं कोण नाचलं. इतकी वर्षं झाली, मला कुठलं आठवायला."

"मग?"

"मग काय, मीच रचून सांगायची," ती म्हणाली, आणि कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "रोज थोडं-थोडं. त्यांना सगळं हवं होतं."